पहिला भाग पाहिलेला माणूस

पुण्यात सिनेमाबद्दल मत देणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक, सिनेमा पाहून मत देणारे. यांना फारसं कुणी विचारत नाही. दुसरा वर्ग, पहिला भाग पाहिलेल्यांचा. या वर्गातल्या माणसाला दुसरा भाग बघण्याची वास्तविक काहीच गरज नसते, कारण मत तयार असतं. तरी तो बघतो, तोही पहिल्या दिवशी, आणि बाहेर येऊन तेच मत जरा दमलेल्या आवाजात सांगतो. आमच्या सोसायटीतले आप्पा या वर्गाचे आजीव सभासद आहेत.

मत चार शब्दांचं आहे. "पहिल्याची काही सर नाही." हे ते सिनेमापुरतं ठेवत नाहीत. पावसाळा, लोकसभा, दिवाळी अंक, आंब्याची दुसरी पेटी या सगळ्यांना ते लागू होतं. धाकट्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी ते नव्या जावयाकडे बघून म्हटलं होतं. काकूंनी "जिलबीबद्दल बोलताहेत हो" असं सांगून वेळ निभावून नेली. जिलबी त्या दिवशी पहिल्यांदाच वाढली जात होती.

खरं म्हणजे आप्पांचा सगळा जन्मच त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या भागात चाललाय. सदाशिव पेठेतला वाडा हा पहिला भाग. तो पडला आणि मंडळी कोथरूडला आली, हा दुसरा. बजेट मोठं, पात्रं वाढलेली, गोष्टीत दम नाही. मुलाने बावधनला फ्लॅट घेतला, हा तिसरा. वास्तुशांतीला आप्पा गेले, श्रीखंड-पुरी व्यवस्थित जेवले आणि येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "तिसऱ्या भागाबद्दल बोलू नये."

यातही त्यांचा खास प्रांत म्हणजे जग बुडाल्यानंतरचे सिनेमे. शहरं ओस, पाणी नाही, पेट्रोल नाही, चामड्याचे कपडे घातलेली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, असं काही असलं की आप्पा पुढे सरकून बसतात. या विषयात आपल्याला परदेशी माणसाने काही शिकवू नये असं त्यांना वाटतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आप्पा तीन वर्षांचे होते. त्या दिवसाचं वर्णन ते एखाद्या इंजिनिअरने करावं तसं पाण्याच्या पातळीसकट करतात. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी मिलो खाल्लाय, सुकडी खाल्लीये. पुणेकराच्या दृष्टीने जग संपून बराच काळ लोटलाय. नक्की कोणत्या तारखेला संपलं, एवढ्याबद्दलच पेठापेठांत मतभेद आहेत.

तर 'मॅड मॅक्स'. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज मिलर नावाच्या माणसाने १९७९ मध्ये पहिला काढला, १९८१ मध्ये दुसरा, १९८५ मध्ये तिसरा. हा मिलर शिकलेला डॉक्टर. हे कळल्यापासून आप्पांना तो परका वाटत नाही. डॉक्टर व्हायचं आणि मग नाटक-सिनेमात शिरायचं, ही त्यांच्या मते मूळची बी. जे. मेडिकलची पद्धत. श्रीराम लागू तिथलेच, जब्बार पटेल तिथलेच, मोहन आगाशे तिथलेच. "मिलर तेवढा सिडनीला राहिला म्हणून," असं म्हणून ते थांबतात. पुढचं आपण समजून घ्यायचं.

आप्पांनी मूळ सिनेमा कुठे पाहिला, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. ऐकणारा पेठेतला असेल तर 'अलका'ला, कॅम्पातला असेल तर 'वेस्ट एंड'ला, शिवाजीनगरच्या बाजूचा असेल तर 'राहुल'ला, सत्तर एमएमवर. तिकिटाचा दरही त्याप्रमाणे बदलतो, बरोबरचे मित्र बदलतात, फक्त मित्राची सायकल पंक्चर होणं कायम असतं. काकूंची हकीकत साधी आहे. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत वाड्यात व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्रभरात तीन कॅसेटी बघायच्या होत्या. पहिली हिंदी, दुसरी ही इंग्रजी, तिसरी परत हिंदी. "दुसरीला हे झोपले होते," काकू सांगतात. हे त्या गेली तीसेक वर्षं सांगताहेत आणि त्याने आप्पांच्या अधिकाराला तसूभरही धक्का लागलेला नाही. पहिला भाग चालू असताना आपण त्या खोलीत होतो, एवढं त्यांना पुरतं.

तीस वर्षांनी, मे २०१५ मध्ये, त्या मिलरने चौथा काढला: 'फ्युरी रोड'. त्याच शुक्रवारी 'बॉम्बे व्हेल्व्हेट' लागला होता आणि सोसायटीतले बाकीचे लोक तिकडे गेले. आप्पांनी मला, काकूंना आणि आपल्या पुतण्याला घेतलं. हा पुतण्या फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा उन्हाळी रसास्वाद वर्ग करून आलेला. तेव्हापासून तो पंख्याकडेसुद्धा 'फ्रेम' म्हणून बघतो. मल्टिप्लेक्सच्या दारात पिशव्या तपासल्या, पण काकूंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातला चिवडा तपासणाऱ्याला सापडला नाही. दिवे गेले आणि आप्पांनी मोबाइल बंद केला. हा मान ते फक्त सिनेमाला आणि श्राद्धाला देतात.

पडद्यावर वाळवंट. उंच कड्यावर मुखवटा घातलेला एक जाडजूड हुकूमशहा, खाली तहानलेली हजारो माणसं. तो वरून एक दांडा ओढतो, पाणी धो धो कोसळतं, लोक भांडी घेऊन धावतात आणि तो लगेच पाणी बंद करतो.

"गुरुवार दिसतोय," आप्पा म्हणाले.

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. आप्पांना श्रोता मिळाला आणि पुढचे दोन तास आम्हाला दोन सिनेमे दिसले.

फ्युरिओसा नावाची, एका हाताने अधू असलेली ड्रायव्हर त्या हुकूमशहाचा टँकर घेऊन निघते. आत त्याच्या पाच बायका लपलेल्या. मग अख्खी फौज तिच्या मागे लागते. वाघोलीत किंवा पिसोळीत राहणाऱ्या माणसाला टँकरमागे धावणं हे काही भविष्यातलं वाटणार नाही, हे आप्पांनी नोंदवलं. मग ते टँकरकडेच बघत राहिले. आप्पा पिंपरीच्या टेल्कोत छत्तीस वर्षं होते. कंपनीने २००३ मध्ये नाव बदलून टाटा मोटर्स केलं, ते त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. "हा टाट्रा आहे," ते एकदम म्हणाले. "चेक गाडी. वरचं धड कुठल्यातरी जुन्या शेव्हरलेटचं बसवलंय. खाली टाट्राच. खडकीला लष्कराच्या ताफ्यात बघितलाय मी." पुतण्याने घरी जाऊन शोधलं तर ते खरं निघालं. त्या टँकरखाली टाट्राच होता, आणि आपल्या लष्कराला टाट्रा बंगळूरची बीईएमएल पुरवत आली. आप्पांचं एखादं मत असं अधूनमधून खरं निघतं, त्यामुळेच बाकीच्यांचं काही करता येत नाही.

त्यांचा मुख्य आक्षेप मात्र सरासरीबद्दल होता. "पेट्रोलसाठी माणसं मुडदे पाडताहेत आणि गाड्या बघ! आठ-आठ सिलिंडर! वर सुपरचार्जर! लिटरला काय तीन देत असतील?" पुतण्या म्हणाला, काका, ते एक रूपक आहे, माणसाचा हव्यास. "हव्यास नाही रे, नियोजन नाही. यातल्या एकाकडे तरी लूना आहे का? फिरोदियांची लूना १९७२ ची. तेलटंचाई आली १९७३ ला. म्हणजे पुण्याने एक वर्ष आधी तयारी करून ठेवली होती. पेट्रोल असलं तर इंजिन, संपलं तर पॅडल! जग बुडाल्यावर शेवटी रस्त्यावर एकच गाडी दिसेल, आणि तिच्या मागे गॅस सिलिंडर बांधलेला असेल." मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. १९७३ च्या त्या टंचाईत पंपांवर माणसं कशी वागली, त्यातूनच मूळ 'मॅड मॅक्स'ची कल्पना फुलली होती. म्हणजे आप्पांनी नेमकं सिनेमाच्या मुळावरच बोट ठेवलं होतं, फक्त भलत्या बाजूने.

मग लांबच लांब लवचिक खांबांच्या टोकाला लटकलेली माणसं पळत्या गाड्यांवरून झोके घेत टँकरवर झडप घालू लागली. हे खरोखर केलेलं आहे, संगणकावर नाही. सर्कशीत तयार झालेली माणसं त्यात होती. आप्पांनी कपाळाला हात लावला. "मल्लखांब! पेशव्यांच्या पदरी बाळंभटदादा देवधरांनी जे उभं केलं ते यांनी गाडीला बांधलं. आणि नाव कुठे आहे का बघ." श्रेयनामावलीत बाळंभटदादा नव्हते. आप्पांनी शेवटच्या ओळीपर्यंत बसून खात्री करून घेतली.

एका गोष्टीने मात्र आप्पा गप्प झाले. फौजेबरोबर एक प्रचंड गाडी येते. मागच्या बाजूला ओळीने ढोल बडवणारे आणि पुढे दोरांना टांगलेला एक आंधळा, लाल कपड्यांतला, हातात गिटार, आणि त्या गिटारमधून आगीचे लोळ. सगळं जग संपलेलं आहे, प्यायला पाणी नाही, पण मिरवणुकीत वादक पाहिजेत! दरवर्षी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की खिडकी बंद न करता ऐकत बसणारा हा माणूस. तो नुसता बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ठेका चांगला धरलाय. पण ताशा नाही. ताशाशिवाय लक्ष्मी रोडला कुणी पुढे सरकू देणार नाही."

पडद्यावर तीन गाड्या हवेत असताना मध्यंतर झालं. मिलरने मध्यंतर ठेवलेलं नव्हतं, ते आपल्याकडे ठेवावं लागतं. पुतण्याने "लय तोडली" म्हणून केस धरले. आप्पांनी पॉपकॉर्नचा दर वाचला, परत वाचला, आणि काकूंच्या पर्सकडे बघितलं.

बाहेर आल्यावर चहा. अमृततुल्यच्या बाकावर शेजारी तीन कॉलेजची मुलं हाच सिनेमा पाहून आलेली. एक म्हणत होता, यात गोष्टच नाही. दुसरा म्हणत होता, गोष्ट गाड्यांत आहे. तिसऱ्याचं म्हणणं, नाव मॅक्सचं आणि काम सगळं तिचं, ही फसवणूक आहे. या सिनेमाबद्दल जगभर जी काही मतं पडली ती साधारण या तीनच बाकांवर बसतात. आप्पांनी कप खाली ठेवला आणि चौथं दिलं. "टँकर निघाला. बराच लांब गेला. पुढे काही नाही असं कळलं. तसाच परत आला. स्वारगेटहून कात्रजला जायचं आणि उतरायच्या आधीच परत स्वारगेट. याला दोन तास लागतात हे पीएमटीत बसणाऱ्याला माहीत आहे. तिकीट काढून बघायचं कारण काय?"

पुतण्या पेटला. त्याने सांगितलं की मिलरने आधी संवाद लिहिलेच नाहीत, साडेतीन हजारांच्या आसपास चित्रं काढून घेतली. चित्रीकरण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात व्हायचं होतं, पण तिथे पाऊस पडून फुलं उगवली, म्हणून सगळी गाडीघोडी आफ्रिकेत नामिबियाला नेली. चारशेऐंशी तासांच्या आसपास चित्रफीत जमा झाली. ती मिलरच्या बायकोने, मार्गारेट सिक्सेलने, कापून दोन तासांवर आणली. त्यात सुमारे सत्तावीसशे काप आहेत, पण डोळ्याला त्रास होत नाही. कारण जे बघायचं ते प्रत्येक वेळी पडद्याच्या मधोमध ठेवलंय.

आप्पा म्हणाले, "चारशेऐंशी तासांतलं दोन तास काय ते कामाचं निघालं, हे त्याच्या बायकोने ओळखलं."

"सगळ्याच घरात ओळखतात," काकू म्हणाल्या.

मग काकूंनी त्या दिवसातलं आपलं एकमेव मत दिलं. काकूंचं मत मिळवायला विचारावं लागतं, आणि त्यांना कुणी विचारत नाही, त्यामुळे त्या ते चहाच्या शेवटच्या घोटाला देतात. "त्यात एक जागा चांगली होती. बंदुकीत थोड्याच गोळ्या उरलेल्या असतात. तो मॅक्स नेम धरतो, चुकतो. परत धरतो, चुकतो. मग तो गुपचूप बंदूक तिच्या हातात देतो आणि स्वतःचा खांदा टेकायला देतो. काही बोलत नाही. तू अशी धर, तशी धर, काही नाही." त्यांनी कप ठेवला. "मी वीस वर्षं स्कूटी चालवत्ये. मागे बसून हे अजून 'ब्रेक' म्हणतात."

आम्ही घरी निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. नळस्टॉपला सिग्नल बंद होता. चारही बाजूंनी डोळ्यांपुरती फट सोडून स्कार्फ गुंडाळलेल्या मुली, हातात कोपरापर्यंत मोजे, गाड्यांची चाकं एकमेकांना भिडलेली, धूर, कुणाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. आप्पा खिडकीतून बघत राहिले. म्हणाले, "आणि तो नामिबियाला गेला."

पुढल्या वर्षी 'फ्युरी रोड'ला सहा ऑस्कर मिळाली. त्यात एक वेशभूषेचं. आप्पांना पेपर वाचून दाखवला. "वेशभूषेचं आपल्याकडे १९८३ लाच आलंय," ते म्हणाले. "भानू अथय्या. कोल्हापूरच्या. आणि 'गांधी'त कपडे कमी असून." पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

खरी गंमत नऊ वर्षांनी झाली. २०२४ च्या मे महिन्यात 'फ्युरिओसा' आला. हा आधीच्या सिनेमाच्या आधीची गोष्ट सांगणारा. आप्पांपुढे पहिल्यांदाच शास्त्रार्थाचा प्रश्न उभा राहिला. हा नंतर आलेला, म्हणून वाईट असायला हवा. पण गोष्ट आधीची, म्हणजे हाच पहिला. मग चांगला कुठला? दोन दिवस ते अस्वस्थ होते. फिरायला जाताना चपला उलटसुलट घातल्या. पुतण्याला फोन करून विचारलं, "अरे, यात ती लहान आहे म्हणतोस, मग नटी तीच का नाही?" आधीची शार्लीझ थेरॉन होती, आता आन्या टेलर-जॉय. हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. नटी बदलली म्हणजे दुसरा भागच.

आम्ही परत तेवढेच गेलो. या वेळी अडीच तासांचा, पाच प्रकरणांत मांडलेला. टँकरवरच्या हल्ल्याचा पंधरा मिनिटांचा एक तुकडा चित्रित करायला अठ्ठ्याहत्तर दिवस लागले, असं पुतण्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "आमच्या गल्लीतला खड्डा त्याहून जास्त दिवस उघडा होता, त्याचं कुणी तिकीट लावलं नाही," एवढं बोलून आप्पा आत शिरले.

बाहेर आल्यावर आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत उभे राहिलो. आप्पांनी चष्मा पुसला.

"फ्युरी रोडची काही सर नाही," ते म्हणाले.

पुतण्या ओरडलाच. "काका! तुम्ही त्याला पीएमटी म्हणाला होता!"

"तो सिनेमा होता," आप्पा शांतपणे म्हणाले. "काय तो टँकर. काय ते ढोल. एक शब्द वायफळ नाही. सत्तावीसशे काप, पण डोळ्याला त्रास नाही. अरे, बघायचं ते मधोमध ठेवलेलं असायचं."

तेव्हा मला आप्पांच्या मतांची रीत कळली. सिनेमा त्यांच्या पोटात लोणच्यासारखा नऊ-दहा वर्षं मुरावा लागतो. पुढचा भाग आला की बरणी उघडायची. तोवर त्याला नावं ठेवायची, नाहीतर तो मुरत नाही. 'फ्युरिओसा'चा जगभरातला गल्ला अपेक्षेहून बराच कमी भरला. टीकाकारांनी कौतुक केलं, पण प्रेक्षक थोडे आले. जे आले नाहीत त्यांना बहुतेक वाटलं असेल की आणखी एक भाग कशाला. आप्पा मात्र आले होते. दर भागाला तिकीट काढून, पहिल्या दिवशी, मोबाइल बंद करून येणारा हा माणूस. दुसऱ्या भागांवर एवढी निष्ठा त्यांच्या चाहत्यांचीसुद्धा नसेल. कारण दुसरा आलाच नाही, तर पहिला चांगला होता हे सांगणार कुणाला?

गेल्या आठवड्यात जिन्यात भेटले. मी सहज म्हटलं, आप्पा, मिलर पुढचा काढणार की नाही, काही कळत नाही बुवा. त्यांचा चेहरा उतरला. हातातली भाजीची पिशवी पायरीवर ठेवली.

"जन्म १९४५ चा त्याचा," ते म्हणाले. "आता ऐंशीच्या पुढे गेला. तब्येत सांभाळायला सांगा त्याला. डॉक्टर आहे, पण डॉक्टरच स्वतःकडे लक्ष देत नाहीत." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "फ्युरिओसा चांगला होता रे. अजून एक वाईट काढला पाहिजे त्याने, नाहीतर हे लोकांना कळायचं कसं?"